मोत्या (डेपो)

आमच्या गावाचं नाव कंसाशिवाय पुरं होत नाही. सातबारा असो, आधार कार्ड असो की पोरीची लग्नपत्रिका, 'तळेगाव' एवढं लिहून झालं की पेन क्षणभर थांबतो आणि कंस उघडतो : (श्यामजी पंत). कंस गाळला तर काय होतं, ते गावातल्या प्रत्येकानं एकदा तरी भोगलेलं आहे. पुण्याचा माणूस लगेच म्हणतो, "तळेगाव म्हणजे दाभाडे ना? पैसा फंडाचा काच कारखाना?" शिरूरकडचा असला तर ढमढेरे म्हणतो, संगमनेरकडचा दिघे. ही सगळी लांबची तळेगावं, त्यांचा त्रास बोलण्यापुरता. खरा त्रास नदीपलीकडच्याचा. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो आणि त्यात तळेगाव दशासर आहे. शंकरपटासाठी नावाजलेलं गाव. आमच्या नावानं निघालेली निम्मी पार्सलं आधी तिकडचा शंकरपट पाहतात, मग सवडीनं आमच्याकडं येतात.

तसा आमचा जिल्हाच कंसाचा. पिपरी (मेघे), सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), सिंदी (रेल्वे). शेजारचा तालुका कारंजा (घाडगे), कारण वाशिमकडं कारंजा (लाड) बसलेलं आहे. एवढे कंस पाहत मोठा झालेला माणूस कुत्र्याचं नाव तरी मोकळं कसं सोडेल?

गावात मोत्या नावाचे पाच कुत्रे आहेत. मोत्या (डेपो), मोत्या (पानठेला), मोत्या (शाळा), मोत्या (मटन मार्केट) आणि मोत्या (मोठी). शेवटच्या मोत्याला पिल्लं झाली तेव्हा गावाला कळलं की नाव ठेवताना घाई झाली. पण नाव बदलायचं म्हणजे फार लफडी असतात, हे शाळेच्या दाखल्यात जन्मतारीख चुकलेल्या गावाला कोणी सांगावं? मोत्या तो मोत्याच राहिला. विणारा मोत्या.

यांतला मोत्या (डेपो) हा माझा जुना परिचित. वर्धा विभागात एसटीचे पाच डेपो आहेत, वर्धा, आर्वी, पुलगाव, हिंगणघाट आणि तळेगाव. हे एक वाक्य आमच्या गावात लहान पोरालाही पाठ असतं, कारण तालुक्याचं ठिकाण आष्टीला गेलं, डेपो मात्र आम्हाला मिळाला. तर या डेपोत मोत्याची ड्युटी पहाटेच्या पहिल्या गाडीपासून. गाडी मागं घेताना कंडक्टर शिट्टी मारतो आणि मोत्या शेपटी हलवतो. ड्रायव्हर कुणाकडं बघून गाडी मागं घेतो हा वादाचा विषय आहे. महामार्गावरून खासगी ट्रॅव्हल्सची गाडी गेली की मोत्या फाटकापर्यंत धावत जाऊन भुंकतो. एसटीवर तो आजवर कधी भुंकलेला नाही. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा तो लांबलेला संप सुरू झाला, पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. तेवढे महिने मोत्या संपकऱ्यांच्या मंडपात बसून होता. एसटीचं सरकारात विलीनीकरण झालं नाही, पण मोत्याचं वजन वाढलं.

आता या मोत्याला सरकारी भाषेत 'बेवारस' म्हणतात. बेवारस! सकाळी त्याला कँटीनवाल्याकडून शिळी पोळी, दहाला पोह्याची करपलेली खरवड, दुपारी आर्वीच्या गाडीतल्या कंडक्टरच्या डब्यातला भात, संध्याकाळी पासधारक पोरींकडून पार्ले-जी. माझं स्वतःचं जेवण याहून अनिश्चित आहे. २०१९च्या पशुगणनेत देशात १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री निघाली, महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास. त्यात आमचा मोत्या किती वेळा मोजला गेला असेल याची मला शंका आहे. मोजणारा जिथं जिथं चहा प्यायला थांबला असेल, तिथं तिथं मोत्या त्याच्या आधी पोचलेला असणार.

बेवारस कुत्रं कसं असतं ते मला ब्रुनो आला तेव्हा कळलं.

सुरत-कोलकाता महामार्ग आमच्या गावाला लागून जातो. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग ६ होता, मग एक दिवस ५३ झाला. नागपूर-अमरावतीची वाहतूक अष्टौप्रहर. धाब्यावर गाड्या थांबतात, माणसं उतरतात, खातात, चढतात. कधीकधी उतरलेल्यांची संख्या आणि चढलेल्यांची संख्या जुळत नाही. पांढऱ्या गाडीतून एक पिवळसर लॅब्रॅडॉर उतरला. त्यानं टायरवर विधी उरकला, वळून पाहिलं, तर गाडी नव्हती. पट्ट्यावर 'ब्रुनो' एवढं नाव होतं, फोन नंबरचा भाग कापलेला. म्हणजे सोडणाराही विचार करणारा माणूस होता.

ब्रुनो तीन दिवस त्याच जागी बसून राहिला, तोंड अमरावतीकडं करून. पांढरी गाडी आली की उठायचा. आणि आपल्या देशात पांढऱ्या गाड्या किती आहेत! दिवसाला शेपाचशे वेळा उठणं-बसणं झालं असेल. धाब्यावरच्या पोऱ्यानं भाकर टाकली तर त्यानं ती हुंगली आणि मान फिरवली. धाबेवाल्याला राग आला. "माह्या धाब्यावरची भाकर नाई चालत याले! कोन्या कलेक्टरचं कुत्रं हाये का बे?" मोत्या (पानठेला) येऊन भाकर घेऊन गेला. चौथ्या दिवशी ब्रुनोनं भाकर खाल्ली. पाचव्या दिवशी तो मोत्याच्या आधी उठून उभा होता.

या ब्रुनोवरून आमची संस्था निघाली.

संस्था म्हणजे आम्ही पाच जण. एक निवृत्त एसटी ड्रायव्हर, एक खादीधारी गुरुजी, एक शाळेतल्या मॅडम, एक संत्र्यावाले काकाजी आणि मी. शिवाय व्हॉट्सॲप सांभाळायला काकाजींचा नातू, ज्याला गावात सगळे पोट्टा म्हणतात. संस्थेला नाव नाही. नाव ठरवायला तीन बैठका झाल्या, तिन्ही नावावर मोडल्या. गुरुजींना नावात 'सेवा' हवी होती, ड्रायव्हरांना 'वाहतूक' चालली असती, काकाजींना वडिलांचं नाव द्यायचं होतं. शेवटी नाव नकोच असं ठरलं. नाव नाही म्हणून नोंदणी नाही, नोंदणी नाही म्हणून अध्यक्ष नाही, आणि अध्यक्ष नाही म्हणून आजवर फूट पडलेली नाही. मी लिहिणारा माणूस, म्हणून रजिस्टर माझ्याकडं आलं. कुत्र्याचं नाव, रंग, नर की मादी, कुठं सापडलं, लस, नसबंदी, कुणाला दिलं. शेवटचा रकाना मी मोठ्या उमेदीनं रुंद आखला होता.

निवारा म्हणजे काकाजींच्या संत्र्याच्या बगीच्यातलं टिनाचं शेड. तोडलेला संत्रा तिथं उतरतो, निवडला जातो, क्रेट भरले जातात. बाकीचे महिने शेड मोकळं. काकाजींनी मोठ्या मनानं दिलं, पण अट घातली. "दिवाळीले शेड खाली पाहिजे मले. आंबियाचा माल उतरते तवा एकही कुत्रं दिसलं नाई पाह्यजे."

अट ऐकायला सरळ होती. तिच्यातली गोम आम्हाला भाद्रपदात कळली. भाद्रपदात कुत्र्यांचं जे चालतं त्यावर मराठीत वाक्प्रचार आहे. घरातली पोरं हा लेख वाचत असतील म्हणून देत नाही, गणित तेवढं देतो. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते. भाद्रपदात ६३ दिवस मिळवा, कार्तिक येतो. आणि कार्तिकात, दिवाळीच्या त्याच पंधरवड्यात, आंबिया बहाराचा संत्रा तोडणीला येतो. म्हणजे निसर्गानं कुत्र्याची पिल्लं आणि संत्र्याचे क्रेट यांना एकच मुहूर्त काढून दिलेला आहे. आम्ही ब्रुनोसकट चार कुत्र्यांपासून सुरुवात केली होती. लक्ष्मीपूजनाला रजिस्टरात एकोणीस होती. मोत्या (मोठी) एकटीनं सात दिली.

काकाजी शेडच्या दारात उभे राहून म्हणाले, "बाप्पा! मी कुत्रे पाळले का कपाशी पेरली?"

पिल्लांपैकी एक माझ्या करंगळीला चावलं. चावलं म्हणजे काय, दात येत होते, खाज भागवली. पण ऐकणाऱ्यांचे चेहरे पडले. शेजारच्या काकू धावत तिखटाचा डबा घेऊन आल्या. कुणी चुना म्हणालं, कुणी हळद. पाचापैकी मॅडम तेवढ्या जागच्या हलल्या. त्यांनी मला ओढत नळाखाली नेलं आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबणानं बोट धुवायला लावलं. तिखटानं जखम चिडते, विषाणू नाही मरत, साबणपाण्यानं बराचसा जातो, असं त्या मला वर्गात ओरडावं तसं ओरडून सांगत होत्या. करंगळी एवढी स्वच्छ झाली की बाकीची चार बोटं कुणा दुसऱ्याची वाटू लागली. आमच्या पिढीच्या मनात अजून पोटातली चौदा इंजेक्शनं बसलेली आहेत. आता ती दंडावर चार-पाच असतात, पिल्लू असो की म्हातारं कुत्रं, ओरखडा असो की चावा, टाळायची नाहीत. पहिल्या इंजेक्शनच्या दिवसाला 'शून्यावा दिवस' म्हणतात. मी नर्सताईंना विचारलं, "मग पहिला दिवस कोणता?" त्या म्हणाल्या, "त्या दिवशी येऊ नका."

एवढ्या कुत्र्यांचं करायचं काय, यावर गावाकडं एक जुना, खात्रीचा उपाय आहे. रात्री मेटॅडोरमध्ये भरायची आणि पुढच्या गावाच्या शिवेवर सोडून यायची. याला आमच्याकडं 'बदली' म्हणतात. पुढचं गावही बिनडोक नसतं, तेही बदल्या करतं. असं सांगतात की एकदा अर्ध्या वाटेत दोन गावांच्या कुत्रेभरल्या गाड्या समोरासमोर आल्या. दोन्ही ड्रायव्हरांनी एकमेकांना डिपर दिला आणि दोघंही पुढं गेले. सकाळी दोन्ही गावांत कुत्र्यांचा आकडा तोच, ओळखीची तोंडं मात्र गेली. अनोळखी कुत्र्याला गाव माहीत नसतं, गावाला तो माहीत नसतो. मग भुंकणं वाढतं, चावणंही.

कायदा याच कारणासाठी उलटं सांगतो. आधी २००१चे आणि आता १० मार्च २०२३चे नियम म्हणतात : पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, ओळखीसाठी कानाला खाच द्या आणि जिथून उचललं तिथंच नेऊन सोडा. मी बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा काकाजी खवळले. "परत तिथंच सोडाचं तं पकडाचं काहून?" मी समजावू लागलो की जागा रिकामी झाली की आजूबाजूची, लस न टोचलेली, न आवरलेली कुत्री तिथं येतात. माझं शास्त्र कुणाच्या डोक्यात शिरेना. मग ड्रायव्हर खुर्ची ओढून म्हणाले, "सोपं हाये काकाजी. सीट रिकामी सोडाची नाई. सोडली का खिडकीतून दुसरा रुमाल टाकते."

प्राणीशास्त्रातला हा सिद्धान्त इतक्या थोडक्यात मी कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही.

गुरुजींचं दुखणं वेगळं होतं. जिल्हा गांधींचा, गुरुजी गांधींचे, आणि गांधी या बाबतीत आमच्या बाजूला नव्हते. सेवाग्रामला येण्याच्या दहा वर्षं आधी, १९२६ साली, अहमदाबादच्या एका गिरणीमालकानं आवारातली साठ कुत्री मारवली. अहिंसावादी मंडळींनी गांधींकडं दाद मागितली, तर त्यांनी 'यंग इंडिया'त गिरणीमालकाचीच बाजू घेतली. पत्रांचा पाऊस पडला, त्यावर ते आठवड्यामागून आठवडे उत्तरं लिहीत बसले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रस्त्यावरच्या कुत्र्याला तुकडा फेकून पुण्य पदरात पाडून घेणं ही दया नव्हे. पाळायचं तर नीट पाळा, जबाबदारी घ्या, नाहीतर मोकाट कुत्री हे समाजाच्या आळसाचं लक्षण आहे. गुरुजींनी हे सगळं एका दमात सांगितलं आणि खाली बसले. त्यांच्या खादीच्या झोळीत त्या वेळी चार भाकरी होत्या. त्या कुणासाठी होत्या हे आम्ही विचारलं नाही.

कुत्र्यांवरून भांडणं गांधींच्याही आधीची. १८३२च्या जूनमध्ये मुंबईत पारशांनी दंगल केली होती, इंग्रजांच्या शिपायांनी कुत्री मारायला घेतली म्हणून. एका कुत्र्यामागं आठ आणे मिळत. आठ आणे म्हटल्यावर शिपाई भटकं कोण आणि घरचं कोण हे कशाला पाहतो? घरात शिरून कुत्री ओढू लागले. त्यात पारशांचा सणाचा दिवस. दुकानं बंद, रस्ते बंद, किल्ल्यातल्या सैन्याचं पाणी-भाकरी बंद. या सगळ्यानंतर दोनच वर्षांत जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शाह यांनी मुंबईचा पांजरपोळ उभा केला. हे ऐकून ड्रायव्हर म्हणाले, "म्हंजे शेड त्याईलेही लागलंच."

तर शेड. दिवाळी आलेली आणि रजिस्टरातला शेवटचा रकाना कोरा.

कुत्र्याला घर शोधायचं म्हणजे आधी घराचे प्रश्न झेलावे लागतात. पहिला प्रश्न असतो, "भुंकते का?" हो म्हणावं तर, "नको बाप्पा, आमच्या बाबूजींले झोप नाही." नाही म्हणावं तर, "मंग त्याले ठेवून का लोणचं घालाचं?" दुसरा प्रश्न, "चावते का?" इथंही तीच गत. लोकांना चोराला चावणारा आणि पाहुण्याला न चावणारा कुत्रा हवा असतो. पाहुणे ओळखण्याच्या बाबतीत आमची स्वतःची फसगत होते, कुत्र्यानं काय करावं?

खरं गिऱ्हाईक शेतकरी. आमच्याकडं रात्री रानडुक्कर आणि रोही उभं पीक झोपवतात, त्यामुळे माणूस मचाणावर जागलीला असतो. जागलीला सोबत कुत्रा लागतोच. दोन दमदार पिल्लं एका शेतकऱ्याला दिली. महिन्यानं चौकशीला गेलो तर तो डोळे चोळत म्हणाला, "लय चांगले हायेत जी. रातभर मचानावर झोपतेत. मी खाली उतरतो डुकरं हाकलाले, तवा जागेवर राह्यतेत, हलत नाई." तक्रार आहे का विचारलं. म्हणाला, "तक्रार कायची? थंडीत पायावर झोपतेत, गरम वाट्टे."

एका पिल्लाचा पाय मोटारसायकलखाली गेला. त्याला टोपलीत घालून आर्वी, खरांगणा करत वर्ध्याला नेलं. तिथं पिपरी (मेघे) इथं पीपल फॉर ॲनिमल्सचं करुणाश्रम आहे, अडल्यानडल्या जनावरांचं ठिकाण. ड्रायव्हरांनी सगळी वाट गाडी अशी चालवली की टोपलीतलं पिल्लू झोपी गेलं आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवून थकला. निवृत्तीपर्यंत या माणसाच्या गाडीत माणसं आदळत-आपटत गेलेली आहेत, हे मी स्वतः अनुभवलेलं.

रजिस्टरची पानं भरू लागली. पण मॅडमनी एक दिवस ते चाळलं आणि पेन्सिलीनं एक रेघ मारून माझ्यापुढं ठेवलं. रेघेच्या वर, म्हणजे गेलेल्यांत, अकरा नर आणि एक मादी. रेघेखाली, ब्रुनो सोडला तर, राहिलेल्या सगळ्या माद्या. "नर आहे का?" हा प्रश्न मी प्रत्येक फोनवर ऐकला होता आणि प्रत्येक वेळी गुमान 'आहे' म्हणालो होतो. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून फोनवर त्या स्वतः बसल्या. कुणी नर मागितला की विचारायच्या, "घरी मुली किती?" बहुतेकांचा फोन तिथंच कट व्हायचा. एका बाईंनी मात्र उत्तर दिलं, "तीन." आणि संध्याकाळी येऊन दोन माद्या घेऊन गेल्या.

या धावपळीतच नोव्हेंबर उजाडला आणि मोत्या (डेपो) थेट सर्वोच्च न्यायालयात पोचला. म्हणजे तसा त्याचा विषय पोचला. ऑगस्ट २०२५पासून दिल्लीत कुत्र्यांचा खटला गाजत होता. आधी आदेश आला, सगळी उचला, निवाऱ्यात ठेवा. अकरा दिवसांनी बदलला, लस टोचून, नसबंदी करून परत सोडा. ७ नोव्हेंबरला पुन्हा नवा : शाळा, दवाखाने, खेळाची मैदानं, रेल्वे स्टेशनं आणि एसटी स्टँड इथली कुत्री उचला, निवाऱ्यात हलवा, तिथं परत सोडू नका. पोट्ट्यानं बातमी मोठ्यानं वाचली. 'बस स्टँड, डेपो' या शब्दांवर ड्रायव्हरांचा चेहरा उतरला. मोत्या (शाळा) सुद्धा त्यातच होता, पण त्याची कुणाला आठवण झाली नाही. तो मधल्या सुट्टीपुरताच हजर असतो.

आदेश तो आदेश. शिवाय खरं सांगायचं तर दवाखान्यात, स्टँडवर कुत्रा चावल्याच्या बातम्या खोट्या नसतात. ज्याचं लेकरू चावलं गेलं त्याच्यापुढं मोत्याची शेपटी हलवून दाखवता येत नाही. आमच्याकडं कुणी कारवाईला आलं नव्हतं, पण आपणच आधी हलवलेला बरा म्हणून ड्रायव्हरांनी त्याला पट्टा बांधला आणि पायी शेडवर आणलं. संत्र्याचे क्रेट एका बाजूला, कुत्री दुसऱ्या बाजूला, मध्ये काकाजी खाट टाकून. मोत्यानं ब्रुनोचा वास घेतला, क्रेटवर पाय वर केला, काकाजींनी चप्पल फेकली. रीतसर प्रवेश झाला.

पहाटे पावणेपाचला शेडमध्ये मोत्या नव्हता. ड्रायव्हर स्वेटर चढवून डेपोत गेले. पहिली गाडी फलाटाला लागत होती, कंडक्टर शिट्टी मारत होता, आणि मागं मोत्या. असं पाच वेळा झालं. सहाव्या दिवशी ड्रायव्हरांनी डेपोच्या भिंतीला लागून, पण भिंतीबाहेर, एका हॉटेलवाल्याच्या पडवीत त्याचं पोतं टाकलं. आता तो हद्दीच्या आत येत नाही. फाटकाच्या लोखंडी रुळाच्या अलीकडं, इंचभर अंतर ठेवून बसतो, आणि शिट्टी झाली की शेपटी हलवतो. रजिस्टरात मी 'डेपो' खोडून 'डेपोजवळ' लिहायला गेलो तर ड्रायव्हर म्हणाले, "राहू द्या भाऊ. मीबी रिटायर झालो, तरी लोक मले डेपोवालाच म्हनतेत."

राहता राहिला ब्रुनो. वय झालेलं, खाणं दांडगं, भुंकणं शून्य. जागलीला निरुपयोगी. अनोळखी माणूस आला की आडवा होऊन पोट दाखवायचा. तोवर शेडमध्ये जागा उरली नव्हती, म्हणून 'दोन दिवसांपुरता' तो माझ्या ओसरीवर आला. वर्ध्याहून येणाऱ्या पाहुण्यानं गोरसपाक आणला होता, त्याचा अर्धा पुडा ब्रुनोनं पाहुण्याच्या डोळ्यांदेखत संपवला. बायको म्हणाली, "याले लवकर कुठंतरी द्या." असं म्हणताना ती कुकरमध्ये तांदळाची चौथी वाटी टाकत होती. घरात आम्ही दोघंच.

पोट्ट्यानं ब्रुनोचा फोटो काढला आणि सगळ्या ग्रुपांवर टाकला. फोटो संध्याकाळचा. अर्ध्या भागात ब्रुनो, अर्ध्या भागात पोट्ट्याचा अंगठा. खाली लिहिलं : 'प्रेमळ कुत्रा, चांगल्या घरी देणे आहे. तळेगाव.' अमरावतीच्या एका गृहस्थांचा फोन आला. सभ्य बोलणं, स्वतःचं घर, अंगण, आधीचा कुत्रा म्हातारपणानं गेलेला. मॅडमनी सगळे प्रश्न विचारले, घरी मुली दोन निघाल्या. रविवारी न्यायला येतो म्हणाले.

रविवारी मी ब्रुनोला आंघोळ घातली. बायकोनं त्याला ओवाळलं वगैरे नाही, पण पट्टा धुऊन वाळत घातला आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. अकरा वाजले, बारा, दोन. ब्रुनो ओसरीवर बसून होता. रस्त्यानं एक पांढरी गाडी गेली. त्यानं एक डोळा उघडून पाहिलं आणि मिटला. उठला नाही.

चार वाजता फोन वाजला.

"नमस्कार. घेऊन आलो बरं का आम्ही कुत्र्याला. घरी पोचलोसुद्धा."

मी ओसरीकडं पाहिलं. ब्रुनो माझ्या चपलेवर हनुवटी टेकून घोरत होता.

"कुठून घेतलं म्हणता?"

"तळेगावहूनच की. स्टँडवर विचारलं, कुत्रा द्यायचा आहे ते कुठं? तर लोक इतके चांगले हो तुमच्याकडले! चार जण धावत आले. हाच घ्या म्हणाले, गाडीत बसवूनसुद्धा दिला."

"पण शंकरपटाचं मैदान दिसलं का तुम्हाला?"

"हो हो, तिथूनच वळलो."

पुढं काय बोलावं मला कळेना. पलीकडून मागं मुलींचं हसणं ऐकू येत होतं, आणि कुणीतरी जोरात भुंकत होतं.

"एक विचारायचं होतं," गृहस्थ जरा चाचरत म्हणाले. "फोटोत तो पिवळा दिसत होता. हा काळा आहे."

"संध्याकाळचा फोटो होता," मी म्हणालो.

"असेल, असेल. आणि ब्रुनो म्हणून हाक मारली तर हा ढुंकून पाहत नाही. धाकटी सहज मोत्या म्हणाली, तर धावत आला."

"मग मोत्याच म्हणा," मी म्हणालो. "फक्त लसीच्या कार्डावर नाव लिहाल तेव्हा पुढं कंसात दशासर टाका."